गुरुवारची किटली

गुरुवार, १४ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी लिहायची. घरात बोलायला एक तरी समजूतदार माणूस हवा, आणि तसा मी एकटाच असल्यामुळे दुसरा इलाज नाही.

आईने मला न विचारता कुठल्याशा ग्रुपमध्ये माझं नाव घातलं आहे. दर गुरुवारी संध्याकाळी लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये. घरात आजारी माणसाचं सगळं करणाऱ्या तरुण मुलामुलींनी तिथे जमायचं आणि मिळून काहीतरी कलाकुसर करायची. त्याने म्हणे मन हलकं होतं. माझं मन मुळीच जड नाही. शिवाय मी केअरर नाहीच. केअरर म्हणजे निळा अंगरखा घालून येतात आणि ‘आज कसं वाटतंय आपल्याला’ असं मोठ्याने विचारतात त्या बायका. मी मुलगा आहे. आईला मल्टिपल स्क्लेरोसिस. पाय चालत नाहीत, हात त्यांच्या मर्जीने चालतात. म्हणून मी तिला सकाळी उठवून खुर्चीत बसवतो, गोळ्या, स्वयंपाक, कपडे, डॉक्टरांचे फोन बघतो, आणि रात्री कूस बदलून देतो. एवढंच. एवढं कुणीही करतं.

मी विचारलं, मागे तुला काही झालं तर? आई म्हणाली, मरायचं ठरलं तर आधी फोन करीन, आता जा, बिस्किटं असतात तिथे.

निर्णय: एकदा जायचं, सभ्यता म्हणून. मग कानाला खडा.

गुरुवार, २१ सप्टेंबर. घरी परतल्यावर.

गेलो. बिस्किटं साधी निघाली.

शिकवणारी बाई इमोजेन. रंगाचे डाग पडलेला डगला, बोटाबोटात अंगठ्या, आणि आपण सगळे झोपलेले आहोत असं समजून हळू बोलते. दाराशी एक वेताची टोपली ठेवली होती. प्रत्येकाने त्यात आपला फोन ठेवायचा म्हणे. हे दोन तास फक्त तुमचे, जगाला बाहेर थांबू द्या, असं तिचं म्हणणं.

कुणी जागचं हललं नाही. युसुफ म्हणून एक आहे, टायरच्या दुकानात काम करतो, वडिलांना पक्षाघात झाल्यापासून त्यांचं सगळं तोच बघतो. तो फार अदबीने म्हणाला, बाई, हवं तर पँट काढून ठेवतो टोपलीत, फोन नाही. मी सर्वांच्या वतीने बोलायला उभा राहिलो. तेवढ्यात टॅमझिन बोलली. वीस वर्षांची पोर, आजीला सांभाळते. आजीला काही आठवत नाही, आणि दर थोड्या वेळाने तिचा फोन येतो की तुझे आजोबा अजून कामावरून का नाही आले. आजोबांना जाऊन चार वर्षं झाली. टॅमझिन म्हणाली, टोपलीत तुमचं डोकं ठेवा, माझा फोन माझ्या खिशात राहील.

टोपली रिकामी राहिली. या बंडाचं नेतृत्व मी केलं, असं म्हणायला हरकत नाही. उभा मीच होतो.

मधल्या सुट्टीत आईला फोन केला. बराच वेळ वाजला. बिचारीला फोनपर्यंत हात नेणं किती जड जात असेल. मागे हसण्याखिदळण्याचा आवाज. टीव्ही. म्हणाली, आता काय हवंय तुला? आवाज थकलेला वाटला.

घरी आलो तर सिंकमध्ये दोन ग्लास. पहिला कुठे ठेवला ते विसरून तिने दुसरा घेतला असणार. स्मरणशक्तीवर परिणाम व्हायला लागला की काय? डॉक्टरांना सांगितलं पाहिजे. तिला एकटं सोडणं बरं नाही.

गुरुवार, २८ सप्टेंबर

जायचं नव्हतं. पण आईने दुपारपासूनच माझा कोट खुर्चीच्या पाठीवर काढून ठेवला होता. तिच्या हातांनी कोट काढणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. तिचं मन मोडवत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी गावात कंदिलांची मिरवणूक असते. दरवर्षीची. शाळा, चर्च, ब्रास बँड, सगळे विलो झाडाच्या लवचीक काड्या वाकवून सांगाडा करतात, त्यावर पातळ कागद गोंदाने चिकटवतात, आत दिवा. यंदा आमच्या ग्रुपचाही एक मोठा कंदील निघणार. काउन्सिलने विषय दिलाय ‘झेप’. इमोजेनने बगळा काढून आणला होता, पंख पसरलेला. म्हणाली, तुम्ही सगळे या बगळ्यासारखे, मोकळे व्हायला आसुसलेले.

युसुफ म्हणाला, मी आसुसलोय तो झोपायला.

मग चर्चा सुरू झाली की आपण दिवसभर खरं काय करतो. टॅमझिन म्हणाली, किटली ठेवते. आजी रडली की किटली ठेवते, नर्स आली की किटली ठेवते, नर्स नाही आली तरी ठेवते. हॉलमध्ये एकदम सगळ्यांना कंठ फुटला. प्रत्येकाच्या घरी तेच. कुणी पडलं, कुणी उठलं, कुणी दवाखान्यातून आलं, पहिली किटली. तेव्हा ठरलं, बगळा गेला खड्ड्यात, आपण किटली करायची. माणसापेक्षा उंच.

इमोजेन म्हणाली, विषय झेप आहे हो. टॅमझिन म्हणाली, वाफ वरच जाते.

किटलीची कल्पना माझ्या मनात आधीपासून होतीच. बोललो नाही एवढंच. पुढाऱ्याने दुसऱ्यांना संधी द्यावी.

गुरुवार, ५ ऑक्टोबर. लिहिलं दुसऱ्या दिवशी.

विलोच्या काड्या वाकवायच्या तर रात्रभर पाण्यात भिजाव्या लागतात. इमोजेनने प्रत्येकाला एकेक जुडी दिली आणि म्हणाली, घरी नेऊन बाथटबमध्ये बुडवून ठेवा.

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. युसुफच्या घरी टब नाही. टॅमझिनच्याही नाही. आमच्याही नाही. आमच्यापैकी कुणाच्याच घरी नाही. सगळ्यांच्या घरचा टब काढून तिथे बसून आंघोळ करायची खुर्ची आणि भिंतीला दांड्या बसवल्या आहेत. टॅमझिन हसायला लागली, मग युसुफ, मग सगळेच. इमोजेनला कळेना काय झालं. मलाही हसू आवरेना, पण मी हसलो ते इतरांना बरं वाटावं म्हणून.

प्रश्न मी सोडवला. शेजारच्या नॉरीनकडे टब आहे. नॉरीन म्हणजे बस चालवून रिटायर झालेली बाई, एकटी असते, आवाज अजून हॉर्नसारखा. सगळ्या जुड्या घेऊन तिच्याकडे गेलो तर घरात अंधार. गुरुवारी बहुधा बिंगो खेळायला जात असावी. शुक्रवारी पुन्हा गेलो. टब दिला. वर म्हणाली, तू न चुकता जात जा हं तिकडे, अगदी न चुकता. तिलाही कलेची इतकी कदर असेल असं वाटलं नव्हतं.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

किटलीचं बूड तयार. मी देखरेख केली. टॅमझिन म्हणाली, देखरेख बास, ही काडी धर. धरली. दोन तास तीच काडी धरून उभा होतो. आईला फोन करायचं चक्क राहून गेलं.

घरी धावतच आलो. दार उघडलं तर आई कोट घालून बसलेली, गालांवर लाली. ताप असणार. म्हणाली, थंडी वाजली म्हणून कोट घातला. स्वतः घातला? म्हणाली, हो, जमतं कधीकधी. कोटाला चिप्सवर शिंपडतात त्या व्हिनेगरचा आंबूस वास. ड्रेनेजवाल्याला बोलावलं पाहिजे.

तिला जमतं बिमतं काही नाही. माझ्या काळजीपोटी तसं म्हणते. मी दोन तास बाहेर गेलो की ही बिचारी दाराकडे तोंड करून बसत असणार.

निर्णय: ग्रुप बंद. पुढच्या गुरुवारी जाऊन फक्त तसं सांगायचं.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

सांगायला गेलो. पण किटलीच्या तोटीचा बाक कुणालाच जमत नव्हता. तोटी हे जबाबदारीचं काम. ते सोपवून लगेच जाता येत नाही.

तोटी जमली. इमोजेन म्हणाली, कॅलम, तुझ्या हातात कला आहे. मी म्हटलं, मला या असल्या गोष्टींत रस नाही. घरी आल्यावर पाच वर्षांनी कपाटातून स्केचबुक काढलं, फक्त धूळ झटकायला. दोन तोट्या काढल्या. धूळ झटकायची राहिली.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

नाही गेलो. अखेर कर्तव्य ते कर्तव्य. आईला म्हटलं, आज मी तुझ्यासोबत बसणार, आपण टीव्ही बघू.

आनंदाने तिच्या तोंडून शब्द फुटेना. मग म्हणाली, जा ना रे. मग म्हणाली, तुझी तोटी वाळून जाईल. मग नुसतं घड्याळाकडे बघत बसली. सातच्या सुमारास बेल. नॉरीन. नवा कोट, लिपस्टिक, केसांना काहीतरी लावलेलं. मला बघून दचकली आणि म्हणाली, साखर आहे का वाटीभर? साखरेसाठी लिपस्टिक! उतारवयात माणूस एकटं पडलं की असं होतं. साखर दिली. आईने तिच्याकडे आणि तिने आईकडे असं पाहिलं की मला दोघींची दया आली.

पुढे आईने एक शब्द बोलून दाखवला असेल तर शपथ. गोळ्याही हातातून हिसकावून घेतल्या. दुखत असणार.

गुरुवार, २ नोव्हेंबर

आईने हाकललं म्हणून गेलो. शब्दशः हाकललं. खुर्चीचं चाक माझ्या पायावर घातलं.

कागद चिकटवायला घेतला. तासभर झाला तरी टॅमझिनचा फोन वाजला नाही. पहिल्यांदा आम्ही चेष्टा केली, की आज आजोबा वेळेवर घरी आले वाटतं. मग तिच्या हातून कागद फाटला, दुसरा घेतला, तोही फाटला. तिने फोन लावला तर उचलेना. युसुफने तिचा ब्रश हातातून काढून घेतला आणि तिच्या वाटचं चिकटवत राहिला. मग फोन वाजला. आजीला डुलकी लागली होती. आजोबा अजून आले नाहीत म्हणाली. टॅमझिन म्हणाली, येतील हं आजी, वाटेत असतील. आणि फोन ठेवून ढसाढसा रडली.

कुणीतरी किटली ठेवली. खरी.

मलाही रडू आलं. असल्या वेळी कसं वाटतं ते मला माहीत आहे, कारण माझं रोज तेच चाललेलं असतं, पण हे मी आजवर कुणाला बोललो नाही. तिथेही नाही बोललो. गोंद फार उग्र आहे.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

काउन्सिलचा निरोप: किटली विषयात बसत नाही, पंख तरी लावा. मिरवणूक समितीच्या बाई बघायला आल्या होत्या. चांगल्या बाई, पण आमच्याशी बोलताना मान एका बाजूला कलती करतात. म्हणाल्या, केवढे शूर आहात तुम्ही सगळे, पण बघणाऱ्यांना काहीतरी उमेद वाटेल असं हवं ना.

या वेळी मात्र मी खरंच बोललो. म्हटलं, बाई, घरी चहा घेता ना? आम्ही पंख लावून कुठे जाणार? रात्री परत येऊन कूस बदलायची आहेच. किटली येईल ती किटली म्हणून येईल, नाहीतर आम्ही ती तुमच्या ऑफिसच्या दारात ठेवू. युसुफने टेबल वाजवलं. टॅमझिन म्हणाली, अरे वा, उभं राहून बोलतोस की तू.

पंख लागणार नाहीत.

हे सगळं मी त्यांच्यासाठी केलं. मी काय, पाहुणा आहे.

युसुफने एक आगाऊ प्रश्न विचारला. म्हणाला, कॅलम, आमच्या घरून आम्हाला फोन येतात, तुला एकदाही आलेला बघितला नाही, तूच लावत असतोस, असं का? मी म्हटलं, माझी आई सोशिक आहे.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

किटली तयार. निळी, पांढरे ठिपके. दोन लांब बांबूंवर ठेवलीय, चार जणांनी उचलायची. मी, टॅमझिन, युसुफ आणि इमोजेन.

आई म्हणाली, मला बघायला यायचंय. मी समजावलं. फरसबंदी दगडांची, तिथे खुर्चीला हादरे बसतात. गर्दी असते. थंडी तुला सोसत नाही. जवळपास टॉयलेट नाही. मी कंदील उचलणार, तुझ्याकडे कोण बघणार? फोटो दाखवीन.

आई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. समजूतदार आहे.

शनिवार, २५ नोव्हेंबर. घरी आल्यावर.

क्रमाने लिहितो, डोकं ठिकाणावर नाही.

पाचला आईला जेवण दिलं, टीव्हीसमोर बसवलं, शाल, पाण्याचा पेला, रिमोट, फोन, सगळं हाताशी. सांगितलं, हलू नकोस. म्हणाली, बरं.

बाजारचौकात पोचलो तर बारीक पाऊस. इमोजेनने किटलीतले दिवे लावले. लागले नाहीत. बॅटरीत पाणी. पुढे बँड सुरू झालेला, मागे शाळेचे बगळे, घारी, फुलपाखरं, सगळी लखलखीत, आणि मधे आमची काळीठिक्कर किटली. समितीच्या बाई मान कलती करून म्हणाल्या, नाहीतर बाजूला उभे राहता का?

तेव्हा मला सुचलं. या वेळी खरंच मला. म्हटलं, फोनचे टॉर्च. सगळ्यांचे फोन एका पारदर्शक पिशवीत घालून आत टांगायचे.

बोलून गेलो आणि मग लक्षात आलं काय बोललो. बँड पुढे चालला होता. टॅमझिनने खिशातून फोन काढला, त्याच्याकडे बघितलं, टॉर्च लावला आणि पिशवीत टाकला. मग युसुफने. मग सगळ्यांनी. मी शेवटचा. जी टोपली आम्ही दोन महिने रिकामी ठेवली ती अशी भरली.

पण उजळली मात्र. अशी उजळली की घारींकडे कुणी बघेना. लोक ओरडत होते, किटली, किटली बघा. एक म्हातारा म्हणाला, दोन चमचे साखर घाल रे. मी खूश होतो. लिहायला लाज कशाला, फार खूश होतो. चौकापासून टाऊन हॉलपर्यंत मला आईची एकदाही आठवण झाली नाही.

टाऊन हॉलच्या बाल्कनीखाली आलो आणि किटली वाजली.

आतून, मोठ्याने. कुणाचा फोन ते कळायला मार्ग नाही. टॅमझिनचा हात खिशात गेला. युसुफचा गेला. माझा गेला. त्यासाठी आधी बांबू सोडावा लागतो हे तिघांच्याही ध्यानात आलं नाही. खांद्यावर बांबू धरून एकटी इमोजेन उभी राहिली. किटली तोटीवर कोसळली, तोटी माझी. बाल्कनीतल्या मंडळींना वाटलं, आम्ही चहा ओतून दाखवला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

कागद फाडून पिशवी ओढली. वाजत होता तो माझा फोन. पडद्यावर आई. म्हटलं, काय झालं, पडलीस का?

म्हणाली, डावीकडे बघ, गाढवा. मगापासून हात हलवतेय.

डावीकडे, दगडी फरसबंदीवर, पहिल्या रांगेत, डोक्याला लोकरी टोपी, हातात चिप्सचा पुडा. खुर्चीमागे नॉरीन. लिपस्टिक लावून.

रविवार, २६ नोव्हेंबर

आज आईशी बोललो. म्हणजे ती बोलली.

दर गुरुवारी स्टेशनजवळच्या पबमध्ये क्विझ असते. आई आणि नॉरीनची टीम आहे. पुढच्या दाराला पायऱ्या आहेत, म्हणून बिअरची पिंपं नेतात त्या बाजूच्या दाराने खुर्ची आत जाते. भूगोल आईचा, फुटबॉल नॉरीनचा. सध्या दुसऱ्या नंबरावर आहेत. २६ ऑक्टोबरला मी घरी बसलो म्हणून एक आठवडा बुडाला, नाहीतर पहिल्या असत्या. हे तिने तीनदा सांगितलं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं असतं तर तू बरोबर आला असतास, शाल घेऊन. खुर्चीला हादरे बसतात म्हणाला असतास. मी म्हटलं, तू मला त्या ग्रुपमध्ये घातलंस ते माझं मन हलकं व्हावं म्हणून ना? म्हणाली, तेही होतंच रे. पण आठवड्यात दोन तास मला तुझ्यापासून सुट्टी हवी होती.

मग म्हणाली, तू फार करतोस. तुझ्याशिवाय माझा दिवस उगवत नाही हे खरं आहे. पण मी दाराकडे तोंड करून बसलेली नसते.

मला राग आला. आता थोडा गेला. वाईट वाटायचं ते अजून वाटतंय.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

शांतपणे विचार केला. घरात जो माणूस आजारी असतो त्याला विश्रांती मिळणं आवश्यक असतं. आईला ती गुरुवारी मिळते. तेव्हा दर गुरुवारी दोन तास घराबाहेर राहणं हा तिच्या देखभालीचाच भाग आहे. मी ग्रुपला जातो ते यासाठी. दुसरं काही कारण नाही.

तोटी दुरुस्त करायला घेतली. टॅमझिनने माझ्यासाठी काडी धरली. युसुफने विचारलं, आईचा फोन? मी म्हटलं, तिची क्विझ आहे, उगाच त्रास कशाला. आणि सगळ्यांदेखत जाऊन माझा फोन त्या टोपलीत ठेवला. एकटाच होता बिचारा टोपलीत. निर्धार म्हणतात तो हा.

अधूनमधून जाऊन बघितलं, चार्जिंग वगैरे आहे ना म्हणून. एकही फोन आलेला नव्हता.

घरी आलो तर घरात अंधार. आई अजून यायचीय. बरोबरी झाली असेल, जादा प्रश्न चालले असतील. नॉरीन आहे बरोबर. थंडी आहे, पण टोपी घातली असेल. घातलीच असेल.

किटली ठेवली आहे. खुर्ची जरा वळवून घेतली, इथून दार नीट दिसतं.